जॅकेट उघडा, घर तयार?

पॅरिस, टोकियो आणि डेट्रॉइटच्या डिझायनर्सनी बेघर माणसाकडे बघून तंबू होणारे कोट शिवले. आपल्या वऱ्हाडात एक माणूस शंभर वर्षांपूर्वीच मडक्याची टोपी आणि चिंध्यांचा झगा घालून गावोगाव फिरत होता. दोघांत फरक काय? आणि बार्शीटाकळीहून निघून पहाटे दादरला उतरणाऱ्या पेशंटच्या घरच्यांना यातलं नेमकं काय उपयोगाला येईल?

कपाट उघडून बघा. गुडघ्याशी चेन असलेली एखादी कार्गो हमखास सापडेल. चेन ओढली की झाली बर्म्युडा! एखादं जॅकेट असेल, आतून काळं, बाहेरून निळं, दोन्ही बाजूंनी घालता येणारं. घडी घातली की मानेखालची उशी होणारी हुडी असेल. ऑफिसची बॅगसुद्धा पट्टे बाहेर काढले की पाठीवरची सॅक होते. 'टू इन वन'चं आपल्याला जाम कौतुक! फॅशनवाले अशा कपड्यांना 'ट्रान्सफॉर्मेबल' म्हणतात. आपल्या भाषेत, रूप पालटणारे कपडे.

आपल्यासाठी ही हौस आहे, कारण आपल्याकडे कपाट आहे. ज्याच्याकडे कपाट नाही आणि कपाट टेकवायला भिंतही नाही, त्याचं काय? त्याचा शर्ट रात्री उशी होतो. लुंगीची चादर होते. बायको बरोबर असेल तर तिची जुनी साडी दोन खांबांमध्ये बांधून आडोसा केला जातो. एका कपड्याची चार कामं त्यालाही येतात. फक्त तो त्याला फॅशन म्हणत नाही.

गेल्या तीसेक वर्षांत जगातल्या काही डिझायनर्सनी नेमकं हेच हेरलं. रस्त्यावरच्या माणसाकडे बघितलं आणि कात्री-कापड हातात घेतलं. कुणी त्यातून कला केली, कुणी धंदा केला, कुणी मदत केली आणि कुणी चक्क तमाशा केला. चारही गोष्टी इंटरेस्टिंग आहेत. बघू या.

पॅरिसच्या फुटपाथवर एक माणूस, एक तंबू

सुरुवात लुसी ऑर्टापासून करू. जन्माने इंग्लिश, काम पॅरिसमध्ये, मूळची फॅशन डिझायनर. १९९१ च्या आखाती युद्धात हजारो माणसं निर्वासित झालेली. त्यात मंदी. पॅरिसच्या रस्त्यांवर झोपणाऱ्यांची संख्या डोळ्यांना जाणवेल इतकी वाढलेली. लुसीने १९९२ मध्ये 'हॅबिटेंट' नावाचं एक जॅकेट केलं. चेन उघडा, आतल्या दांड्या उभ्या करा, की जॅकेटचा एका माणसापुरता तंबू. मग अशा कपड्यांची अख्खी मालिकाच आली. तिचं नाव 'रेफ्युज वेअर', म्हणजे आसऱ्याचे कपडे.

हे कपडे मॉलमध्ये विकायला नव्हतेच. भडक रंगांचे, चांदीसारखे चमकणारे हे पोशाख घालून माणसं पॅरिसच्या चौकांत उभी राहायची. उद्देश एकच, ज्याच्याकडे बघायचं टाळून लोक भराभर पुढे जातात, तो ठळक दिसला पाहिजे. १९९५ मध्ये लुसी पॅरिसमधल्या साल्व्हेशन आर्मीच्या निवाऱ्यात गेली. तिथे राहणाऱ्यांना बरोबर घेऊन तिने दान आलेल्या जुन्या कपड्यांतून नवे कपडे शिवून घेतले. कात्री आणि सुई इथे त्यांच्या हातात आली, हे लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

तिकडे टोकियोत कोसुके त्सुमुरा. इसी मियाके या बड्या डिझायनरच्या हाताखाली तयार झालेला. त्याने स्वतःला प्रश्न विचारला: उद्या घर गेलं, तर अंगावर कोणता कपडा असलेला बरा? उत्तर म्हणून १९९४ च्या सुमाराला आला 'फायनल होम'. नायलॉनचा एक लांब कोट आणि त्याला तब्बल ४४ खिसे! थंडी वाजली की खिशांत रद्दीचे बोळे भरायचे, झाली रजई. खिशांत औषधं ठेवा, खाऊ ठेवा, कागदपत्रं ठेवा. कोट नकोसा झाला तर परत द्या, आम्ही तो गरजूंपर्यंत पोचवू, अशीही त्यामागची कल्पना होती. गंमत म्हणजे हा कोट टोकियोच्या ट्रेंडी पोरांनीच डोक्यावर घेतला.

आणि हुसेन चलायान. जन्म सायप्रसमधल्या निकोशियाचा, १९७० चा. दंगलींमुळे घर सोडून पळावं लागलेल्या माणसांच्या गोष्टी घरातच ऐकलेल्या. फेब्रुवारी २००० मध्ये लंडनच्या सॅडलर्स वेल्स थिएटरमध्ये त्याने एक शो केला, 'आफ्टरवर्ड्स'. स्टेजवर साधी बैठकीची खोली, चार खुर्च्या, मध्ये गोल लाकडी टेबल. मॉडेल्स आल्या आणि त्यांनी खुर्च्यांची कव्हरं काढून ड्रेस म्हणून अंगात घातली. खुर्च्यांच्या सूटकेस झाल्या. शेवटची मॉडेल टेबलाच्या मधोमध उभी राहिली, टेबल वर ओढलं, आणि त्याचा घागरा झाला! खोली रिकामी. घर अंगावर चढवून माणसं निघून गेली. फॅशनच्या इतिहासात हा शो आजही काढला जातो.

गरिबी रॅम्पवर चालते तेव्हा

त्याच सालाच्या जानेवारीत पॅरिसमध्ये वेगळंच नाटक झालं होतं. जॉन गॅलियानोने दिओरसाठी जो शो केला, त्यातले कपडे सेन नदीच्या काठी झोपणाऱ्या माणसांवरून सुचलेले. फाटकं दिसणारं महागडं कापड, वर्तमानपत्राचा प्रिंट, कमरेला दोऱ्या आणि दोऱ्यांना लटकलेल्या बाटल्या, कप. जॉगिंगला जाताना ही माणसं दिसायची म्हणे. बेघरांसाठी काम करणारे लोक संतापले. दिओरच्या दारात निदर्शनं झाली. पण वर्तमानपत्राचा प्रिंट काही थांबला नाही. तो 'सेक्स अँड द सिटी' या सीरियलच्या नायिकेच्या अंगावर पोचला आणि सुपरहिट झाला. २००१ मध्ये 'झूलँडर' सिनेमाने या प्रकाराची यथेच्छ टिंगल केली. त्यातल्या फॅशन शोमध्ये कचरा अंगाला लावून मॉडेल्स चालतात. तरी २०१० मध्ये मिलानला व्हिव्हियन वेस्टवूडने पुरुषांच्या शोमध्ये हाच विषय पुन्हा आणला. स्लीपिंग बॅग घेतलेले, केसांवर बर्फ पडल्यासारखे दिसणारे मॉडेल्स.

इथे खटकतं काय? रस्त्यावरच्या माणसाचा 'लुक' घेतला. त्याच्याकडून आयडिया घेतली. त्याला मिळालं काय? तर शून्य. त्याच्या अंगावर फाटका शर्ट असला की वॉचमन हाकलतो. तोच फाटकेपणा ब्रँडचं लेबल लावून आला की आपण ईएमआयवर घेतो. गुडघ्याला भोक पाडलेली जीन्स घालून ऑफिसला कॅज्युअल फ्रायडे साजरा करणाऱ्या आपल्या सगळ्यांनाच हे थोडं झोंबेल. झोंबू दे!

'कोट नको, काम द्या'

डेट्रॉइटची गोष्ट मात्र भारी आहे. व्हेरोनिका स्कॉट ही तिथल्या डिझाइन कॉलेजातली विद्यार्थिनी. २०१० मध्ये कॉलेजचा प्रोजेक्ट म्हणून तिने बेघरांसाठी एक कोट केला. दिवसा कोट, रात्री स्लीपिंग बॅग, उन्हाळ्यात घडी घालून खांद्यावरची पिशवी. कितीतरी संध्याकाळी ती निवाऱ्यात जाऊन बसायची, लोकांना दाखवायची, विचारायची, बदलायची. एक दिवस तिथली एक बाई तिच्यावर उखडली. आम्हाला तुझे कोट नकोत, आम्हाला काम पाहिजे!

दुसरी कुणी असती तर रडून घरी गेली असती. व्हेरोनिकाने ते म्हणणं मनावर घेतलं. कोट शिवायला निवाऱ्यातल्याच माणसांना, विशेषतः मुलाबाळांच्या आयांना, पगारावर घेतलं. शिवणकाम शिकवलं. 'एम्पॉवरमेंट प्लॅन' नावाची संस्था त्यातून उभी राहिली. कोट फुकट वाटले जातात, पण शिवणाऱ्याला पगार मिळतो आणि त्या पगारातून भाड्याचं घर. म्हणजे त्या कोटातून घर मिळालं ते शिवणाऱ्याला!

नेदरलँड्समध्ये बास टिमर या तरुण डिझायनरने २०१४ मध्ये असंच काम सुरू केलं. मित्राचे वडील रस्त्यावर थंडीने गेले, हे त्यामागचं कारण. उरलेलं कापड, तंबूचं कापड, जुन्या स्लीपिंग बॅगा यांतून 'शेल्टरसूट' शिवायचे, आणि शिवणाऱ्यांमध्ये निर्वासितांना घ्यायचं. २०२१ मध्ये पॅरिसच्या क्लोए या नामवंत ब्रँडने त्याच्याशी हातमिळवणी केली. गॅलियानोच्या शोनंतर वीस वर्षांनी फॅशनची गाडी थोडी तरी रुळावर आली म्हणायची.

आमचा गाडगेबाबा

आता वऱ्हाडात या. डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. लहानपण अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यात, दापुऱ्याला मामाच्या घरी. जात परीट. म्हणजे लोकांचे कपडे धुणं हा घरचा पिढीजात धंदा. या माणसाने १९०५ मध्ये घर सोडलं आणि अंगावर काय घातलं? चिंध्या जोडून केलेला झगा. एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीचा तुकडा. एका हातात झाडू. आणि ते प्रसिद्ध गाडगं. उन्हात डोक्यावर घातलं की टोपी. भूक लागली की ताट. तहान लागली की पेला. एक वस्तू, तीन कामं! आजच्या डिझाइन कॉलेजात त्याला पैकीच्या पैकी मार्क मिळाले असते.

लोकांनी नावंही कपड्यांवरूनच पाडली. कुठे गोधडे महाराज, कुठे गाडगे महाराज. जानोरकर हे आडनाव कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. या अवतारामुळे हाकलून दिल्याचे, पंगतीतून उठवल्याचे किस्से त्यांच्याबद्दल सांगितले जातात. नवे कपडे कुणी दिले तर ते वाटून टाकायचे. म्हणजे चिंध्या नाइलाजाच्या नव्हत्या, ठरवून घातलेल्या होत्या. माणूस अंगावरच्या कापडावरून माणसाला कसं जोखतो, हे ते रोज, स्वतःच्या अंगावर दाखवत होते.

इथपर्यंत लुसी ऑर्टाची आठवण येते ना? ज्याच्याकडे कुणी बघत नाही तो दिसला पाहिजे, ही तीच गोष्ट. पण बाबांची खरी कमाल पुढे आहे. स्वतः चिंध्यांत राहिलेल्या या माणसाने दुसऱ्यांसाठी काय केलं? तर बांधकाम! पूर्णेकाठी ऋणमोचनला घाट. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदीला धर्मशाळा. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर ज्यांना जातीमुळे कुठेच उतरू दिलं जात नव्हतं अशा वारकऱ्यांसाठी. १९४९ मध्ये बाबांनी ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. मुंबईत जे. जे. हॉस्पिटलजवळ पेशंटच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा झाली. २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीजवळ बाबा गेले. दादरला कॅन्सरच्या पेशंटसाठी त्यांच्या नावाची धर्मशाळा आजही चालते.

बाबांचा दहा कलमी 'रोकडा धर्म' तुम्ही शाळेच्या किंवा सरकारी ऑफिसच्या भिंतीवर कधीतरी वाचला असेल. पुन्हा वाचा आणि क्रम बघा. वस्त्र तिसरं. घर पाचवं. रोजगार सातवा. तीन वेगळ्या ओळी, तीन वेगळी कामं. कपडा दिला म्हणजे घराची ओळ खोडता येत नाही. परदेशातल्या डिझायनर्सनी तिसरी आणि पाचवी ओळ एकाच कोटात शिवून टाकली. डेट्रॉइटच्या त्या बाईने ओरडून सातव्या ओळीची आठवण करून दिली!

वऱ्हाडाचं वॉर्डरोब

तुम्ही म्हणाल, बाबा म्हणजे संत, आपण साधी माणसं. मग साध्या माणसांकडे बघू. अकोल्यापासून वीसेक किलोमीटरवर बार्शीटाकळी. तालुक्याचं गाव. कालिका देवीचं जुनं हेमाडपंती देऊळ बघायला कधीतरी लोक येतात, एरवी या गावाचं नाव पुण्या-मुंबईच्या पेपरात येत नाही. आसपास कपाशी, सोयाबीन, तूर. या शिवारातल्या कुठल्याही रस्त्याने गेलात तर रूप पालटणाऱ्या कपड्यांचं अख्खं प्रदर्शन फुकटात बघायला मिळेल.

दुपट्टा घ्या. उन्हात डोक्याला आणि तोंडाला गुंडाळायचा. एसटीत खिडकीतून टाकून सीट धरायची. झाडाखाली अंथरायचा. बाजार केला की त्यातच गाठोडं बांधायचं. पावसात पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात खोचला की घोंगता तयार. डोकं, पाठ, सगळं झाकलं, हात कामाला मोकळे. रेनकोटला पैसे मोजावे लागतात, रिकामं पोतं घरातच असतं. बाया कपाशी वेचायला जाताना कमरेला कापडाची ओटी बांधतात. हीच त्यांची पिशवी. साडीवर नवऱ्याचा जुना फुलबाह्यांचा शर्ट, म्हणजे हात काट्याने ओरबाडत नाहीत आणि ऊनही लागत नाही. जुन्या साडीची झोळी बांधावरच्या बाभळीला टांगली की लेकरू झोपतं. ती साडी विरली की तिची गोधडी होते. गोधडी फाटली की पोतेरं.

यातलं एकही डिझाइन कुणी रॅम्पवर आणलेलं नाही. हे सगळं डिझाइन टंचाईतून आलंय. आणि ज्या भागात जगाला पुरवायला कापूस पिकतो, तिथली ही टंचाई. तेव्हा 'किती क्रिएटिव्ह ना!' म्हणून फोटो काढण्याआधी एवढं लक्षात असू द्या.

बार्शीटाकळी ते परळ

बेघर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं. दाढी वाढलेला, बडबडणारा, पुलाखालचा माणूस. पण बेघर व्हायला दर वेळी घर जावंच लागतं असं नाही. घर जागच्या जागी असताना माणूस फुटपाथवर येऊ शकतो.

कसा? बार्शीटाकळीत घर आहे, दोन खोल्यांचं का होईना. घरात कुणाला तरी कॅन्सर निघतो. अकोल्याचे डॉक्टर चिठ्ठी देतात. काहींची सोय नागपूरला होते, काहींना मुंबईला टाटा हॉस्पिटलला जावं लागतं. अकोल्याहून रात्रीची विदर्भ एक्सप्रेस, सकाळी दादर. तिथून परळ जवळच. पुढे? रेडिएशन म्हणजे रोज काही मिनिटांचं काम, पण ते आठवड्यातले पाच दिवस आणि कित्येक आठवडे चालतं. केमोचंही तसंच, सुई घ्या आणि जा. त्यासाठी ॲडमिट करत नाहीत. मग रोज रात्री राहायचं कुठे? लॉज परवडत नाही. धर्मशाळेत नंबर लागेपर्यंत थांबावं लागतं. परळच्या फुटपाथवर प्लॅस्टिकचा कागद टाकून राहिलेली कुटुंबं तुम्ही बसमधून, टॅक्सीतून पाहिली असतील. देशभरातून आलेली असतात. त्यांच्या गावाला त्यांचं घर आहे, शेत आहे, दारापुढे तुळस आहे.

जनगणना बेघर कुणाला म्हणते? जे कुठल्याही छपराखाली राहत नाहीत, फुटपाथवर, पुलाखाली, मोठ्या पाइपात, देवळाच्या ओट्यावर, प्लॅटफॉर्मवर झोपतात त्यांना. २०११ च्या मोजणीत असे देशात सुमारे १७ लाख ७३ हजार लोक सापडले. त्यांतले ९ लाख ३८ हजार शहरांत. एकट्या मुंबईत ५७ हजारांवर. मोजणी एका रात्रीची. उपचारापुरता दोन महिने फुटपाथवर आलेला माणूस त्या रात्री तिथे असेल तर यादीत, नसेल तर नाही.

मग डिझाइन करायचंच असेल तर...

डेट्रॉइटचा कोट बार्शीटाकळीत चालेल? मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो. त्या जाड कोटात माणूस उकडून निघेल! मुंबईत पावसाळ्यात तो भिजला की चार दिवस वाळणार नाही. आपली अडचण वेगळी, तेव्हा आपला कपडाही वेगळा हवा. फॅशन शिकणाऱ्या कुणी हे वाचत असेल तर घ्या, ही यादी तुमच्या पुढच्या प्रोजेक्टसाठी.

एक, मच्छरदाणी. आपल्याकडे थंडीइतकाच डास जीवघेणा. हिवताप, डेंगी फुटपाथवर आधी येतात. दोन, रात्रीत वाळणारं कापड, सार्वजनिक नळावर धुता येईल असं. तीन, पोटाशी बसणारा, पाणी न जाणारा खिसा, ज्यात हॉस्पिटलची फाइल दुमडून मावेल. पैशांपेक्षाही ती फाइल हरवायची धास्ती जास्त असते. चार, बाईमाणसाला कपडे बदलायला आडोसा. पाच, तुटलं तर गावातला कुठलाही टेलर नीट करू शकेल अशी शिवण. परदेशी चेन बिघडली की संपलं, असं नको.

आणि सहावी गोष्ट सगळ्यात अवघड. हा कपडा घातलेला माणूस 'बेघर' दिसता कामा नये. लुसी ऑर्टाला तो ठळक दिसायला हवा होता, कारण तिला समाजाला जागं करायचं होतं. पण ज्याला सकाळी सातला हॉस्पिटलच्या रांगेत उभं राहायचंय, दुपारी मेडिकलवाल्याशी बोलायचंय, संध्याकाळी पोलिसाच्या नजरेतून सुटायचंय, त्याला उठून दिसायचं नसतं. त्याला चारचौघांसारखं दिसायचं असतं. चमकदार कोट बघणाऱ्याच्या डोळ्यात अंजन घालेल, पण चारचौघांत मान खाली जाईल ती घालणाऱ्याची. तेव्हा आधी त्यालाच विचारा. आणि शिवायला त्याच्याच बायकोला किंवा बहिणीला रोजगार देता आला तर फारच उत्तम.

या बाबतीत आपल्याकडे एक नाव घ्यायलाच हवं. अंशू गुप्ता. दिल्लीत त्यांनी १९९९ मध्ये स्वतःच्या कपाटातले ६७ कपडे घेऊन 'गूंज' सुरू केली. त्यांचं म्हणणं साधं आहे. भूकंप आला, पूर आला की आपण कपडे देतो, पण थंडी दर वर्षी येते आणि तिला आपण आपत्ती मानत नाही. गूंजमध्ये जुने कपडे निवडले जातात, दुरुस्त होतात, उरलेल्या सुती कापडाचे सॅनिटरी पॅड होतात. गावातल्या लोकांनी विहीर खणली, रस्ता नीट केला की मोबदला म्हणून कपडे. भीक म्हणून कपडा घ्यायचा नाही, मान ठेवून घ्यायचा. २०१५ मध्ये गुप्तांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

तुमच्या हातात काय?

* कपडे द्यायचे तर धुऊन, बटणं लावून, जोड्याने द्या. स्वतःच्या भावाला देताना लाज वाटेल असा कपडा देऊ नका.

* सीझन बघा. पावसाळ्याच्या तोंडावर चादरींपेक्षा ताडपत्री आणि मच्छरदाणी कामाची.

* सुती साड्या फेकू नका. पांघरूण, झोळी, आडोसा, पॅड, गोधडी, एवढी कामं एकटी साडी करते.

* तुमच्या शहरात रात्रनिवारा कुठे आहे ते शोधा. पत्ता मोबाइलमध्ये सेव्ह करा. रस्त्यावर कुणी दिसलं तर सांगायला निदान एक पत्ता हवा.

शेवटचा मुद्दा जरा सविस्तर सांगायला हवा. कपड्याचं बोलताना घर विसरायला होतं, आणि तीच खरी मेख आहे. २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने बेघरांच्या निवाऱ्यांबद्दल सरकारांचे कान उपटले. त्यातून माप ठरलं. शहराच्या दर एक लाख लोकसंख्येमागे १०० माणसांची सोय असलेला, चोवीस तास चालणारा किमान एक निवारा. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने हेच माप घेतलं आणि प्रत्येकासाठी निदान ५० चौरस फूट जागा धरली. आता गणित करा. २०११ च्या जनगणनेत अकोला शहर सव्वाचार लाखांचं. म्हणजे किमान चार निवारे. मुंबई १ कोटी २४ लाखांची. म्हणजे किमान १२४. ५० चौरस फूट म्हणजे किती? तुमच्या ऑफिसच्या क्युबिकलला जेवढी जागा लागते, साधारण तेवढी.

तंबू होणारं जॅकेट वाईट नाही. एका रात्रीत एखाद्याचा जीव त्याने वाचू शकतो, आणि तेवढ्यासाठीही ते शिवायला हवं. पण जॅकेट शिवलं म्हणून १२४ मधला एकही निवारा कमी करता येत नाही. चिंध्या पांघरणाऱ्या त्या वऱ्हाडी माणसाला हे कुठल्याही कॉलेजात न जाता कळलं होतं. म्हणून त्याने कीर्तनात पैसे जमवले ते विटा-चुन्यासाठी.

पुढच्या वेळी महापालिकेची निवडणूक आली आणि उमेदवार तुमच्या सोसायटीत हात जोडून आला, की पार्किंग आणि पाण्याबरोबर हेही विचारा. आपल्या वॉर्डात रात्रनिवारा कुठे आहे? त्याला पत्ता माहीत नसेल तर तुमच्या मोबाइलमधला द्या. आणि तुमच्याकडेही नसेल, तर त्याच्याच समोर बसून मागणीचा अर्ज लिहा. पेन बॅगेत असतंच.